जैव विक्रियकातील द्रवीय प्रेरणा व सस्तन कोशिका

सस्तन प्राण्यांच्या शरीरातून वेगळ्या काढलेल्या कोशिका (पेशी) पोषक द्रवात वाढविण्यासाठी जे बंद व निर्जंतुक पात्र वापरतात त्यास जैव विक्रियक म्हणतात. पात्रातील द्रव ढवळताना आणि त्यात हवा सोडताना द्रवाचे एकमेकांवरून सरकणारे थर, भोवरे व बुडबुडे यांच्यामुळे कोशिकांवर निरनिराळ्या प्रेरणा कार्य करतात. प्रयोगशाळेतील काही लिटरांच्या पात्रात सिद्ध झालेली कृती कारखान्यातील हजारो लिटरांच्या पात्रात यशस्वीपणे नेणे यास प्रमाणवर्धन म्हणतात. प्रमाणवर्धन करताना या प्रेरणा कशा बदलतात, त्यांपैकी कोणत्या खरोखर घातक ठरतात आणि कोणत्यांची भीती अकारण बाळगली गेली, हा जैव अभियांत्रिकीतील महत्त्वाचा प्रश्न आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांशी या विषयाचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटतो. परंतु तो दुहेरी आहे. या जिल्ह्यांतील गुरांना टोचण्यात येणारी लाळ-खुरकूत रोगाची लस मोठ्या जैव विक्रियकांत वाढविलेल्या सस्तन कोशिकांपासून बनते. तसेच ढवळपात्रातील संक्षोभ मोजून त्याचा सस्तन कोशिकांवरील परिणाम अभ्यासण्याच्या भारतातील कार्यात ज्यांचा प्रमुख वाटा आहे, ते रसायन अभियंते ज्येष्ठराज भालचंद्र जोशी (जन्म १९४९) हे सातारा जिल्ह्यातील मसूर (ता. कराड) येथील होत.

कोशिकेची घडण व गरजा : सस्तन कोशिकेचा व्यास साधारणतः १० ते २० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) असतो. वनस्पती, यीस्ट किंवा सूक्ष्मजंतू यांच्याप्रमाणे तिला टणक कोशिकाभित्ती नसते. आतील जीवद्रव्य व बाहेरील द्रव यांच्यामध्ये मेद व प्रथिने यांचे सु. ७ ते १० नॅनोमीटर जाडीचे पटल एवढाच अडसर असतो. शरीरात ही कोशिका ऊतकांच्या आधाराने राहते. पात्रात मात्र ती एकाकी तरंगत असते. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीचे किण्वन करणारे यीस्ट पंपातून खेचले, नळातून ढकलले किंवा जोराने ढवळले, तरी त्याला सहसा काही होत नाही. सूक्ष्मजंतूंच्या व यीस्टच्या किण्वकांवरून मिळालेला अनुभव सस्तन कोशिकांना जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच.

कोशिकांना न ढवळता स्वस्थ ठेवावे, असेही करता येत नाही. एक तर त्या तळाशी बसतात. दुसरे, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. ३७° से. तापमानास हवेशी समतोल असलेल्या १ लि. पोषक द्रवात जेमतेम ६ ते ७ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो. द्रवाच्या प्रत्येक मिलि.मध्ये एक कोटी कोशिका असतील, तर हा सर्व साठा काही मिनिटांतच संपतो. लहान पात्रात द्रवाच्या मोकळ्या पृष्ठभागातून पुरेसा ऑक्सिजन आत शिरतो. पण पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केली, तर घनफळ हजारपट आणि पृष्ठभाग केवळ शंभरपट होतो. म्हणजेच दर लिटरमागे मिळणारा पृष्ठभाग दहाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे मोठ्या पात्रात तळाशी बसविलेल्या सच्छिद्र नळीतून हवा किंवा ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने सोडावाच लागतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ या एका भौमितिक वस्तुस्थितीत आहे.

लाळ-खुरकूत रोगाची लस : मोठ्या प्रमाणावरील निलंबित (द्रवात तरंगत्या) कोशिका-संवर्धनाची सुरुवात माणसाच्या औषधासाठी नव्हे, तर गुरांच्या लसीसाठी झाली, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. लाळ-खुरकूत रोगात जनावराच्या तोंडात व खुरांच्या बेचक्यांत फोड येऊन ते फुटतात. लाळ गळते, चारा सुटतो आणि जनावर लंगडते. प्रौढ जनावरे सहसा दगावत नाहीत. वासरांत मात्र हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊन मृत्यू ओढवतो. दुभत्या गाईचे दूध घटते आणि ओढकामाचा बैल कित्येक आठवडे निकामी होतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत खिलार जनावरांची पैदास होते. पुसेगाव व खरसुंडी येथील यात्रांच्या वेळी हजारो जनावरे एकत्र येतात. गळीत हंगामात इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या कृष्णेच्या खोऱ्यातील कारखान्यांच्या तळांवर दाखल होतात. हवेतून, लाळेतून, चाऱ्यातून व पाणवठ्यावरून पसरणाऱ्या या रोगाला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच मिळेल. ज्या कुटुंबाची हंगामाची सर्व मिळकत एका बैलजोडीवर अवलंबून असते, त्याला लस वेळेवर व पुरेशा गुणवत्तेची मिळणे हा निर्वाहाचाच प्रश्न असतो.

या रोगाचे कारण व्हायरस आहे, हे एफ. लफ्लर व पी. फ्रॉश यांनी १८९७–९८ मध्ये दाखविले. नेदर्लंड्समध्ये एच. एस. फ्रेंकेल यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या जिभांचा वरचा थर पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यावर हा व्हायरस वाढविला. ही पद्धत यूरोपात अनेक वर्षे चालली. परंतु तिचे उत्पादन जिभांच्या पुरवठ्यावर अवलंबून होते. १९६२ मध्ये ग्लासगो येथील आय. मॅकफर्सन व एम. स्टोकर यांनी हॅम्स्टर या कृंतक प्राण्याच्या पिलांच्या मूत्रपिंडांपासून बीएचके-२१ हा कोशिकावंश प्रस्थापित केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंडमधील पर्‌ब्राइट येथील पी. बी. कॅपस्टिक व त्यांचे सहकारी यांनी या कोशिका काचेला न चिकटता ढवळत्या द्रवात वाढू शकतात व त्यांच्यात लाळ-खुरकूत रोगाचा व्हायरस चांगला वाढतो, असे दाखविले. तेथून लसनिर्मिती कत्तलखान्यातून बाहेर पडून पोलादी पात्रांत आली.

या पद्धतीत कोशिकांची संख्या मिलि.मागे काही दशलक्ष झाली की, व्हायरस मिसळतात. सुमारे एका दिवसात तो कोशिका फोडून द्रवात उतरतो. नंतर द्रव गाळून, व्हायरस रासायनिक रीत्या निष्क्रिय करून व तेलासारखे साहाय्यक द्रव्य मिसळून लस तयार होते. भारतात वापरण्यात येणाऱ्या लसीत व्हायरसाच्या ओ, ए व एशिया-१ या तीन प्रकारांचा समावेश असतो. लसीमुळे येणारी प्रतिकारक्षमता सु. सहा महिने टिकते व म्हणून वर्षातून दोनदा लस टोचावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात देशातील ५० कोटींहून अधिक पशुधन लसीकरणाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एवढ्या मात्रा लहान पात्रांतून मिळणे अशक्य आहे. व्हायरस मिसळण्यापूर्वीच पात्रातील कोशिका मोठ्या संख्येने मेल्या, तर त्या खेपेत प्रतिजन कमी उतरतो. त्यामुळे कोशिका जगविणे हा लसनिर्मितीतील केवळ तांत्रिक तपशील नाही.

ढवळणे घातक की बुडबुडे : कोशिका पात्रात का मरतात, या प्रश्नाचे सरळ वाटणारे उत्तर असे की, फिरणारी पाती त्यांना कापतात किंवा द्रवाचे जवळजवळचे थर वेगवेगळ्या गतींनी सरकत असल्याने त्या ओढल्या जाऊन फाटतात. थरांच्या अशा सरकण्यामुळे एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या प्रेरणेस कर्तरी प्रतिबल म्हणतात. या समजुतीमुळे ‘कर्तनसंवेदी’ हे विशेषण सस्तन कोशिकांना इतके सर्रास लावले गेले की, त्याची कसोटी घेण्याची गरज अनेकांना वाटली नाही. परिणामी पात्रे अतिशय मंद गतीने ढवळण्याची प्रथा पडली.

ही समजूत तपासण्यासाठी संक्षोभाचे (द्रवाच्या अनियमित, भोवऱ्यांच्या प्रवाहाचे) स्वरूप पाहिले पाहिजे. पाती फिरली की प्रथम पात्याच्या आकाराचे मोठे भोवरे उत्पन्न होतात. ते फुटून लहान, त्यांतून आणखी लहान भोवरे होतात आणि अखेरीस द्रवाच्या श्यानतेमुळे (दाटपणामुळे प्रवाहास होणाऱ्या विरोधामुळे) त्यांची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. सर्वांत लहान भोवऱ्यांचा आकार किती असेल, हे रशियन गणितज्ञ ए. एन. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरून काढता येते. तो आकार केवळ दोन गोष्टींवर ठरतो : द्रवाची श्यानता आणि दर किग्रॅ. द्रवात दर सेकंदास विरणारी ऊर्जा. सस्तन कोशिकांच्या पात्रात दर घ. मी.मागे साधारणपणे १० ते १०० वॉट शक्ती खर्च होते. या शक्तीला लहानात लहान भोवरा सु. ४० ते ८० मायक्रोमीटरांचा येतो. पात्याच्या अगदी लगत ऊर्जेचा ऱ्हास सरासरीच्या कित्येक पट असतो. तेथेही भोवरा २० मायक्रोमीटरांच्या खाली सहसा जात नाही. भोवरा कोशिकेहून मोठा असेल, तर ती त्याच्याबरोबर वाहत जाते; पुरात वाहणारा ओंडका जसा पाण्याबरोबर गरगर फिरतो, पण फुटत नाही, तसेच हे आहे. भोवरा कोशिकेहून लहान झाला, तरच तिच्या निरनिराळ्या भागांवर परस्परविरुद्ध प्रेरणा कार्य करून तिला इजा होण्याचा संभव असतो.

प्रयोगांनी हाच निष्कर्ष पुढे आला. १९८९ मध्ये इंग्लंडमधील ए. हांडा-कॉरिगन, ए. एन. एमरी व आर. ई. स्पायर यांनी हवा सोडलेल्या पात्रातील कोशिकांची हानी मुख्यतः द्रवाच्या पृष्ठभागाशी, बुडबुडे फुटतात तेथे होते, असे दाखविले. १९९० मध्ये अमेरिकेतील के. टी. कुनास व ई. टी. पापुत्साकिस यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर निर्णायक म्हणावा लागेल. त्यांनी लहान पात्र द्रवाने काठोकाठ भरून हवेला जागाच ठेवली नाही; तेव्हा प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या हायब्रिडोमा कोशिका मिनिटास सु. ६०० फेऱ्यांपर्यंतचे ढवळणे सहन करू शकल्या. द्रवावर हवा असताना मात्र भोवऱ्याबरोबर ती खाली ओढली जाऊन बुडबुडे होत व यापेक्षा बऱ्याच कमी गतीलाच कोशिका मरू लागत. पाती तीच, द्रव तोच व कोशिका त्याच. फरक काय तो हवेचा.

बुडबुड्याचे कार्य असे चालते. वर चढताना त्याच्या पृष्ठभागाला कोशिका चिकटतात, कारण हवा व द्रव यांच्या सीमेवर राहणे त्यांच्या पटलाला ऊर्जादृष्ट्या सोयीचे असते. पृष्ठभागाशी पोहोचल्यावर बुडबुड्याची वरची पातळ फिल्म फाटते व पृष्ठताणामुळे प्रचंड वेगाने मागे खेचली जाते. मोकळ्या झालेल्या खळग्यात भोवतालचा द्रव धावून येतो व मध्यभागातून एक बारीक धार वर उसळते. हे सर्व सेकंदाच्या काही सहस्रांश भागात घडते. इतक्या थोड्या वेळात व इतक्या अल्प जागेत ऊर्जा मोकळी होत असल्याने तिचा स्थानिक ऱ्हास ढवळण्याने होणाऱ्या सरासरी ऱ्हासाच्या लाखो पट असू शकतो. लहान बुडबुड्यांच्या बाबतीत तर तो दर घ. मी.मागे १ ते १० कोटी वॉटच्या घरात जातो, असे गणिताने दिसून आले आहे. कोशिका तत्क्षणी फुटण्यास लागणारा ऱ्हासही साधारण याच घरातला आहे. घरोघरी परिचित असलेल्या घुसळणीत काहीसे असेच घडते. स्निग्धांशाच्या कणांभोवतीचे नाजूक आवरण फुटून लोणी एकत्र येण्यात रवीच्या आघातापेक्षा घुसळताना शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा वाटा मोठा असतो. लोण्याच्या बाबतीत जे हवे, तेच कोशिकांच्या बाबतीत नको असते.

हानीचे परिमाणही मोजले गेले आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील जे. जे. चामर्स व त्यांचे सहकारी यांनी कीटकांच्या कोशिकांवर प्रयोग करून सु. ३·५ मिमी. व्यासाचा एक बुडबुडा फुटला असता हजाराच्या आसपास कोशिका मरतात, असा निष्कर्ष काढला. हा आकडा सस्तन कोशिकांसाठी धरून ५,००० लि. पात्राचा हिशेब करता येतो. दर मिनिटास २५ लि. हवा सोडली, तर या आकाराचे सु. ११ लाख बुडबुडे दर मिनिटास फुटतील व दिवसाकाठी सु. दीड लाख कोटी कोशिका मरतील. पात्रात मिलि.मागे २० लाख याप्रमाणे एकूण दहा लाख कोटी कोशिका असतील, तर ही हानी दररोज सु. १५ टक्के होय. ज्या कोशिकांना दुप्पट होण्यास जवळजवळ एक दिवस लागतो, त्यांना हा भार जड जातो. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हा सूक्ष्मजंतू अनुकूल स्थितीत सु. २० मिनिटांत दुप्पट होतो. त्याला अशा हानीची फिकीर नसते.

मुंबई व पुणे येथील कार्य : ज्येष्ठराज जोशी यांनी मन मोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनास प्रारंभ केला व मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागात (यूडीसीटी, २००८ पासून रसायन तंत्रज्ञान अभिमत विद्यापीठ) ढवळपात्रे व बुडबुड्यांचे स्तंभ यांच्या द्रवगतिकीवर प्रदीर्घ कार्य केले. १९९१ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९९ ते २००९ या काळात ते या संस्थेचे संचालक होते. सस्तन कोशिकांचा प्रश्न हाती घेताना पुण्यातील जीववैज्ञानिक व मुंबईतील अभियंते एकत्र आले, हे या कार्याचे वैशिष्ट्य आहे. सी. बी. एलियास, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील एम. एस. पाटोळे, जोशी, रघुनाथ अनंत माशेलकर इत्यादींनी संक्षोभजन्य कर्तरी प्रतिबल व त्याचा सस्तन कोशिकांवरील परिणाम यांविषयीचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध केला.

या कार्यात प्रतिबल अनुमानाने न ठरविता लेसर डॉप्लर वेगमापकाने मोजले गेले. या उपकरणात लेसरचे दोन शलाका-किरण पारदर्शक पात्रातील एका सूक्ष्म बिंदूपाशी एकमेकांना छेदतात. त्या बिंदूतून द्रवाबरोबर जाणारा बारीक कण प्रकाश विखुरतो व त्या प्रकाशाच्या तीव्रतेतील चढउतारांच्या कंप्रतेवरून कणाचा, अर्थात द्रवाचा, त्या क्षणीचा वेग मिळतो. द्रवात कोणतीही सळई वा तार बुडवावी लागत नसल्याने प्रवाह विस्कटत नाही. पात्यापासून भिंतीपर्यंत एकेका बिंदूचे मापन करीत गेल्यास पात्रात कोठे किती खळबळ आहे, याचा नकाशाच तयार होतो. ‘मिनिटास इतक्या फेऱ्या’ एवढ्याच नोंदीवरून दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करता येत नाही, कारण पात्याचा आकार व पात्राची घडण निराळी असली, की त्याच फेऱ्यांना निराळे प्रतिबल येते. मोजमाप असले, की ही अडचण दूर होते. जोशी, एलियास व पाटोळे यांनी १९९६ मध्ये प्राणी, वनस्पती व सूक्ष्मजीव या तिन्ही प्रकारच्या कोशिकांवरील द्रवीय कर्तनाच्या परिणामांचे विस्तृत समालोचन प्रसिद्ध केले.

प्रमाणवर्धनाचे गणित : ५ लि. पात्रावरून भूमितीने तंतोतंत सारख्या ५,००० लि. पात्राकडे जायचे, म्हणजे प्रत्येक लांबी दहापट करायची. पाती किती वेगाने फिरवावी, हे ठरविताना लहान पात्रातील कोणती राशी कायम ठेवावी, हा प्रश्न येतो. कारण सर्व राशी एकाच वेळी कायम ठेवता येत नाहीत. दर लिटरमागील शक्ती कायम ठेवली, तर पात्याच्या टोकाचा वेग सु. २·२ पट आणि द्रव पूर्णपणे मिसळण्यास लागणारा वेळ सु. ४·६ पट होतो. टोकाचा वेग कायम ठेवला, तर दर लिटरमागील शक्ती दहाव्या हिश्शावर येते आणि मिसळण्याचा वेळ दहापट होतो. मिसळण्याचा वेळ कायम ठेवू म्हटले, तर दर लिटरमागे शंभरपट, म्हणजे एकूण एक लाखपट शक्ती लागते. ते व्यवहारात शक्य नसते.

कर्तनाच्या भीतीपोटी टोकाचा वेग कायम ठेवण्याचा मार्ग बरीच वर्षे पसंत केला गेला व त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागली. कोशिकांनी सोडलेल्या आम्लामुळे द्रवाचे आम्लतामान घसरते व ते सावरण्यासाठी क्षार थेंबाथेंबाने घालावा लागतो. मिसळणे मंद असेल, तर जेथे थेंब पडतो तेथे काही काळ द्रव तीव्र क्षारधर्मी राहतो व त्या भागातून जाणाऱ्या कोशिका मरतात. पात्याने फाडल्या असे समजून ज्यांचा शोक केला गेला, त्यांपैकी काही कोशिका वस्तुतः अशा अपुऱ्या ढवळण्याने मेल्या असाव्यात. क्षार पृष्ठभागावर न टाकता नळीने पात्याजवळ सोडणे हा यावरील साधा पण गुणकारी उपाय आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ए. डब्ल्यू. नीनोव यांनी २००६ मधील आपल्या समालोचनात, प्रत्यक्ष वापरातील शक्तीच्या मर्यादेत ढवळण्यामुळे कोशिकांची हानी होते या समजाला आधार नाही, असे प्रतिपादन केले आणि पात्रे अधिक जोमाने ढवळण्याचा पुरस्कार केला.

दुसरी अडचण कार्बन डाय-ऑक्साइडाची. कोशिका जेवढे ऑक्सिजनाचे रेणू घेतात, साधारण तेवढेच कार्बन डाय-ऑक्साइडाचे रेणू सोडतात. हा वायू बुडबुड्यांतूनच बाहेर पडू शकतो. बारीक बुडबुड्यांनी शुद्ध ऑक्सिजन दिल्यास थोड्या वायूत काम भागते. परंतु असे बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइडाने लवकर भरतात व एकूण वायूच थोडा असल्याने तो पुरेसा बाहेर नेला जात नाही. शिवाय उंच पात्राच्या तळाशी द्रवाच्या भारामुळे दाब अधिक असल्याने तो अधिक विरघळलेला राहतो. बारीक बुडबुडे कोशिकांना अधिक घातक असतात व त्यांचा फेसही अधिक होतो. मोठे बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइड चांगला बाहेर नेतात, पण ऑक्सिजन देण्यात कमी पडतात. त्यामुळे बुडबुड्यांचा आकार निवडणे ही प्रत्येक वेळी तडजोडच असते आणि एका कोशिकावंशासाठी केलेली तडजोड दुसऱ्यास मानवेलच असे नाही.

संरक्षक द्रव्ये : बुडबुड्याला कोशिका चिकटूच दिल्या नाहीत, तर तो फुटला तरी बहुतेक कोशिका दूर राहतात. पूर्वी हे काम पोषक द्रवात मिसळलेल्या वासरांच्या रक्तरसातील प्रथिनांमुळे काही अंशी आपोआप होत असे. रक्तरस महाग असतो, त्याचा दर्जा बदलता असतो व त्यातून रोगकारके येण्याचा धोका असतो. म्हणून माणसाच्या औषधांसाठी रक्तरसविरहित द्रव वापरात आले आणि हे संरक्षण नाहीसे झाले. त्याची जागा पोलोक्सामर-१८८ (व्यापारी नाव प्लुरॉनिक एफ-६८) या पृष्ठक्रियाशील बहुवारिकाने घेतली. ढवळलेल्या संवर्धनात ते कोशिकांचे रक्षण करते, हे एच. ई. स्विम व आर. एफ. पार्कर यांनी १९६० मध्येच दाखविले होते. बुडबुड्यांची भूमिका कळल्यावर त्याचे मर्म उलगडले. लिटरमागे सु. १ ग्रॅ. एवढे अल्प प्रमाण पुरते. त्याचे रेणू हवा व द्रव यांच्या सीमेवर प्रथम जागा घेतात व कोशिकांना तेथे थारा उरत नाही.

या द्रव्याने प्रश्न मिटला, असे मात्र नाही. एकाच उत्पादकाच्या निरनिराळ्या खेपांची संरक्षक शक्ती कमीअधिक असते व सामान्य रासायनिक कसोट्यांत हा फरक दिसून येत नाही. एखाद्या निकृष्ट खेपेमुळे हजारो लिटरांचे पात्र वाया गेल्यावर कारण शोधण्यात बराच काळ जातो. म्हणून प्रत्येक खेप वापरण्यापूर्वी आतून कंगोरे असलेल्या लहान चंबूत कोशिकांसह जोराने हलवून पाहण्याची दक्षता घेतात. फेस मारण्यासाठी घातलेली सिलिकोनयुक्त द्रव्येही पोलोक्सामराच्या कार्यात अडथळा आणू शकतात. ती बेताने वापरावी लागतात.

वाहक कणांवरील संवर्धन : आतापर्यंतचे विवेचन निलंबित कोशिकांपुरते खरे आहे. काही कोशिका मात्र आधाराला चिकटल्याखेरीज वाढत नाहीत. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या व्हेरो कोशिका या प्रकारच्या असून पोलिओ, अलर्क (रेबीज) इ. रोगांच्या लसींसाठी त्या वापरतात. नेदर्लंड्समधील ए. एल. व्हान वेझेल यांनी १९६७ मध्ये अशा कोशिका सु. ०·२ मिमी. व्यासाच्या कणांवर चिकटवून ते कण द्रवात तरंगत ठेवण्याची युक्ती काढली. येथे ढवळण्याविषयीची भीती सार्थ ठरते. २०० मायक्रोमीटरांच्या कणापुढे ४० ते ८० मायक्रोमीटरांचे भोवरे लहान असल्याने ते कणाला सर्व बाजूंनी घासतात. कोशिका मात्र कणाला जखडलेली असते. ती प्रवाहाबरोबर वाहून जाऊन आपली सुटका करून घेऊ शकत नाही. कण एकमेकांवर व पात्यांवर आदळतात तो आघात निराळाच. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एम. एस. क्रोघन, जे. एफ. आमेल व डी. आय. सी. वांग यांनी १९८७ मध्ये लहानात लहान भोवऱ्याचा आकार कणाच्या व्यासाच्या सु. दोनतृतीयांशाखाली गेला की, कोशिकांची हानी सुरू होते असे दाखविले. अशा पात्रात शक्ती बेतानेच खर्च करावी लागते.

महाराष्ट्रात या दोन्ही प्रकारांचा संबंध पुण्याजवळील मांजरी येथील एका कारखान्याशी आला आहे. तेथे पूर्वी लाळ-खुरकूत रोगाची लस तयार होत असे. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो बायोव्हेट या कंपनीस व्हेरो कोशिकांवर आधारित कोव्हॅक्सिन या कोविड-१९ लसीच्या उत्पादनासाठी उपलब्ध करून देण्यात आला. वाहक कणांवरील व्हेरो कोशिकांसाठी सु. ६,००० लि.पर्यंतची पात्रे जगात वापरली गेली आहेत; याउलट प्रतिपिंडांच्या निर्मितीसाठी निलंबित चायनीज हॅम्स्टर अंडकोश-कोशिका १०,००० ते २५,००० लि.च्या पात्रांत नित्य वाढविल्या जातात.